मलबार हिल, साडेसात: बावला खुनाचा घटनाक्रम

1924. इंदूरचे महाराजा तुकोजीराव होळकर यांच्या पदरी सुमारे दहा वर्षं राहिलेली नर्तकी मुमताज बेगम मसुरीला निघाली होती. सोबत संस्थानची माणसं होती. दिल्लीत ती अडून बसली, पुढं जायला साफ नाही म्हणाली आणि अमृतसरला निघून गेली. आपल्या तान्ह्या मुलीला इंदुरात मारलं गेलं, असं तिनं पुढं कोर्टात सांगितलं. राजा, शेठ आणि नाचणारी अशीच ही गोष्ट शंभर वर्षं चघळली जाते. माझ्या मते ती दिल्लीतल्या त्या एका नकारापासून सुरू होते.

वर्ष सरताना. मुमताज मुंबईत अब्दुल कादर बावला या पंचविशीतल्या धनाढ्य व्यापाऱ्याकडे राहू लागली होती. तिला परत आणायला इंदूरहून माणसं येत होती. ती जाईना, तेव्हा बावलाला धमक्या सुरू झाल्या. त्यानं तिला घराबाहेर काढलं नाही.

12 जानेवारी 1925, सोमवार, दिवेलागण. संक्रांत तोंडावर आलेली. बावलाची मोटार नेहमीसारखी फिरायला बाहेर पडली. आत बावला, मुमताज आणि मॅनेजर मॅथ्यू. पुढं ड्रायव्हर आणि क्लीनर. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या भागात विलिंग्डन क्लबवर गोल्फ खेळून काही तरुण इंग्रज लष्करी अधिकारी परत निघाले होते.

साडेसातचा सुमार. हँगिंग गार्डनजवळ लाल रंगाच्या मॅक्सवेल गाडीनं मागून धडक दिली. काय झालं ते कळायच्या आत माणसं उतरली आणि बावलाच्या मोटारीवर चढली. गोळ्या सुटल्या. मुमताजला खाली खेचताना तिच्या चेहऱ्यावर सुरीचे वार झाले. तिला जिवंत न्यायचं होतं, पण चेहरा शाबूत ठेवायचा नव्हता. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत क्रूर वाटणारा तपशील हाच.

पुढची काही मिनिटं. ते अधिकारी वाट चुकले आणि नेमके तिथंच येऊन पोहोचले. रस्ता चुकले नसते तर मुमताज त्याच रात्री इंदूरच्या वाटेला लागली असती. लेफ्टनंट सीगर्ट हातातली गोल्फची काठी घेऊन पिस्तूलवाल्यांवर धावला. गोळी लागली तरी मागं हटला नाही. इंदूरच्या पोलीस दलातला शफी अहमद जागीच सापडला.

रात्र. काही तासांतच बावलानं प्राण सोडला. मुमताज वाचली, आणि म्हणूनच खटला उभा राहिला.

एप्रिल-मे. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढं नऊ जण उभे होते. त्यांतले सरदार आनंदराव फणसे यांचे वकील महंमद अली जिना. मुमताजनं साक्ष दिली. 23 मे रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्यांतल्या दोघांना फाशी झाली. तिसऱ्याचं मन बिघडल्यानं त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. कटाचा उगम इंदुरात, हे कोर्टाला दिसत होतं, पण हुकूम कुणाचा, ते कोर्टात सिद्ध झालं नाही. ब्रिटिश सरकारनं महाराजांपुढं चौकशी किंवा गादीत्याग असे दोन पर्याय ठेवले. 26 फेब्रुवारी 1926 रोजी तुकोजीरावांनी मुलासाठी, यशवंतरावांसाठी, गादी सोडली. चौकशी टळली आणि खरं काय तेही त्याबरोबर गेलं. हा न्याय अर्धाच होता, असं मी म्हणेन.

त्याच 1925 साली कोहिनूर फिल्म कंपनीनं होमी मास्टरच्या दिग्दर्शनाखाली याच प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्यांनाही पडद्यावर राजा, खून आणि पळून आलेली बाई ओळखू येणार होती. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येनं होती. पगार झाला की त्यांतले काही जण मूकपटाला जात. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पूर्ण शिल्लक राहिले.

सावर्डे-चिपळूणकडच्या ज्या घरांत मुंबईहून आलेल्या आजोबा-पणजोबांची पत्र्याची ट्रंक अजून आहे, त्यांनी ती रद्दीत देण्याआधी एकदा तपासावी. मूकपटाची जाहिरात, पुस्तिका, फोटो, काहीही निघालं तरी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावं.