सुरीच्या आधी सुई : गळ्याच्या गाठीच्या तपासण्यांची गोष्ट



गळ्याशी गाठ दिसली की आपल्याकडे दोन गोष्टी होताना आम्ही पाहतो. एक तर बाई पदर ओढून घेते आणि वर्षानुवर्षं बोलत नाही. लेकीच्या गळ्याला असली तर लग्न जमेपर्यंत झाकायची. नाहीतर घरातले घाबरतात आणि म्हणतात, ‘काढून टाका एकदाची.’ या दोन्हींच्या मधे तपासणीचा रस्ता आहे. तो कसा तयार झाला, ते आज ऐकू या.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती फुगते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत ‘गलगंड’ हा शब्द येतो. पण ही ग्रंथी करते काय, हे दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत नीट कुणाला माहीत नव्हतं.

हे कळलं त्याची किंमत एका मुलीनं मोजली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे मोठे सर्जन होते. डोंगराळ मुलूख, मातीत आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड घरोघरी. १८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची पूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशन चांगलं झालं. पण नंतर ती मुलगी मंद झाली, तिची वाढ खुंटली. धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झाली. हे कानावर आल्यावर कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून पाहिलं. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती, त्यांतल्या बहुतेकांची तीच गत झाली होती : अंगावर सूज, सुस्ती, थंडी सोसवत नाही. १८८३ मध्ये त्यांनी हे सगळं डॉक्टरांच्या सभेत उघडपणे मांडलं. थायरॉईडवरच्या कामासाठी १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

१८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे यांनी अशाच लक्षणांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. आज आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळी उपाशीपोटी जी थायरॉईडची गोळी घेतात, तिची सुरुवात तिथली.

म्हणजे ग्रंथी उगाच काढायची नाही, हे कळलं. पण कोणती गाठ काढायची आणि कोणती राहू द्यायची, हे कळायला तपासण्या हव्या होत्या. त्या एकेक करून आल्या.

रक्ताच्या तपासणीमागे एक बाई आहे. न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो. भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण बाईला कोण घेणार म्हणून त्यांना आधी सेक्रेटरीचं काम करावं लागलं. पुढे त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर रक्तातली अगदी सूक्ष्म द्रव्यं मोजायची रीत शोधली. तिचं पेटंट घेतलं नाही; कुणालाही वापरू दिली. १९७७ मध्ये यॅलोंना नोबेल मिळालं. त्याच रीतीवर पुढे टीएसएच मोजता येऊ लागलं. ग्रंथी कमी काम करते की जास्त, हे टीएसएच सांगतं. गाठ साधी की कर्करोगाची, हे मात्र ते सांगत नाही. म्हणून ‘रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही’ एवढ्यावर थांबू नका.

दुसरी तपासणी स्कॅनची. थायरॉईड आयोडीन ओढून घेते. किरणोत्सारी आयोडीनचा थोडा डोस दिला की गाठ ते ओढते की नाही, हे दिसतं. जास्त ओढणारी गाठ क्वचितच कर्करोगाची असते. आपल्या मुंबईत परळला १९६३ पासून अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर थायरॉईडचं काम करतं. स्कॅन प्रत्येकीला लागत नाही. मुख्यतः टीएसएच कमी असेल तेव्हा करतात. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा.

तिसरी सोनोग्राफी. गाठ केवढी, घट्ट की पाण्याची, कडा कशा, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, हे तिच्यात दिसतं. सुई कुठे घालायची, हेही तीच दाखवते.

आणि चौथी सुईची, म्हणजे एफएनएसी. १९५० च्या दशकात स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी बारीक सुईनं थायरॉईडच्या गाठीतल्या पेशी काढून पाहायला सुरुवात केली. इतर देशांतले डॉक्टर बरीच वर्षं कचरत होते. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती तेव्हा शिकल्यासवरल्यांनाही होती. आपल्या गावात आजही हेच ऐकू येतं. अनुभवानं दिसलं की बारीक सुईनं असं होणं अगदी दुर्मीळ आहे. ही सुई रक्त काढायच्या सुईएवढी, बहुतेकदा त्याहूनही बारीक असते. काम काही मिनिटांचं. त्याच दिवशी घरी. आधी ज्या गाठी ‘कापून बघू’ म्हणून काढल्या जात, त्यांतल्या कितीतरी यामुळे वाचल्या.

रिपोर्टची भाषा एकच असावी म्हणून २००७ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे तज्ज्ञ बसले आणि सहा गट ठरवले. पहिला गट म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. बहुधा सुई पुन्हा लावावी लागते. दुसरा म्हणजे साधी गाठ. सहावा म्हणजे कर्करोग. मधल्या गटांत शंका कमीजास्त. तुमच्या कागदावर ‘बेथेस्डा’ आणि आकडा असेल, तर त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

दहातल्या नऊहून अधिक गाठी साध्या निघतात, हे मनात पक्कं ठेवा.

याची दुसरी बाजूही आहे. दक्षिण कोरियात १९९९ नंतर सरकारी आरोग्य तपासणीबरोबर थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करायची पद्धत पडली. काही त्रास नसलेल्यांचीही. २०११ पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, पण त्यानं होणारे मृत्यू घटले नाहीत. जे कधीच त्रास देणार नव्हते, असे बारीक कर्करोग शोधून काढले जात होते. जवळपास सगळ्यांची ऑपरेशनं झाली; बहुतेकांना जन्मभराची गोळी लागली, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी ‘थांबा’ म्हटलं, तेव्हा वर्षभरात ऑपरेशनं एकतृतीयांशाहून जास्त कमी झाली. म्हणून शिबिरात कुणी सरसकट गळ्याची सोनोग्राफी करत असेल, तर ‘कशासाठी?’ असं विचारा.

मात्र गाठ हाताला लागली, तर झाकू नका. ती भरभर वाढते, आवाज बसलाय, घास अडकतो, घरात कुणाला थायरॉईडचा कर्करोग झालाय किंवा लहानपणी गळ्याला शेक दिलाय, तर लगेच दाखवा. आयोडीनचं मीठ खाच. पण त्यानं आलेली गाठ विरघळत नाही.

आणि ऑपरेशन सुचवलं, तर गटातल्या एखादीला बरोबर न्या आणि चार प्रश्न विचारा : टीएसएच केलं का? सोनोग्राफीत काय दिसलं? सुईचा रिपोर्ट कुठल्या गटाचा? अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण, आणि का?

बर्नच्या त्या मुलीच्या वेळी यातलं काहीच विचारता येत नव्हतं. आपल्याला येतं. तेव्हा विचारू या.