इंग्रजी क्रियापदे व शब्दयोगी अव्यये (चेन्नईतील अध्यापनाच्या संदर्भात)

इंग्रजीतील काही क्रियापदांना ठरावीक शब्दयोगी अव्यय लागतेच, तर काहींना ते मुळीच चालत नाही. ‘डिपेंड’ला ‘ऑन’ हवा, ‘लिसन’ला ‘टु’ हवा. ‘डिस्कस’ आणि ‘मॅरी’ मात्र थेट कर्म घेतात. तमिळ व मराठीत प्रत्यय नामानंतर येतात, इंग्रजी अव्यय नामाआधी येते. पण स्थानाचा हा फरक विद्यार्थ्याला लवकर साधतो. खरी अडचण निवडीची असते. ‘ऑन’ म्हणजे ‘वर’ हा अर्थ पाठ करून ती सुटत नाही, कारण कोणते अव्यय यायचे हे बहुधा त्या-त्या क्रियापदाच्या रूढीने ठरते. ब्रिटिश इंग्रजीत निर्णयाविरुद्ध ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’ करतात. अमेरिकन इंग्रजीत तोच अर्थ अव्ययावाचून व्यक्त होतो.

चुकांचा सगळा दोष मातृभाषेवर टाकण्याची प्रथा आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. मराठीत ‘तिच्याशी लग्न केले’ म्हणतात, म्हणून मराठी भाषक ‘मॅरी विथ’ म्हणून जातो. तमिळमध्ये तेथे ‘अवळै’ अशी द्वितीया येते. उलट तमिळमधील ‘अवनुक्काग कात्तिरु’, म्हणजे ‘त्याच्यासाठी थांब’, ही रचना ‘वेट फॉर’ला जवळची आहे, मराठीत मात्र ‘त्याची वाट पाहा’ असे षष्ठीचे रूप येते. चेन्नईतील तंजावरी मराठी कुटुंबांत या दोन्ही भाषा वावरतात, म्हणून तेथे एकाच मातृभाषेकडे बोट दाखवणे अधिकच कठीण. शिवाय ‘डिस्कस अबाउट’ हा प्रयोग भारताप्रमाणेच नायजेरिया व सिंगापूर येथेही आढळतो. त्याचे एक कारण खुद्द इंग्रजीतच आहे: ‘टॉक अबाउट’ आणि ‘डिस्कशन अबाउट’ शुद्ध असताना ‘डिस्कस’ तेवढे वेगळे वागते.

असे प्रयोग भारतीय इंग्रजीत रुळले असतील तर त्यांना चूक का म्हणावे, हा आक्षेप रास्त आहे. बोलण्यात त्यांनी अर्थ अडत नाही. तरीही परीक्षेत व औपचारिक लेखनात प्रमाण रूपच अपेक्षित असते, आणि ते विद्यार्थ्याला देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. दुसरा आक्षेप अध्यापनपद्धतीविषयी आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आदी ठिकाणच्या शाळांत राबवलेल्या प्रकल्पाची भूमिका अशी होती की लक्ष अर्थाकडे असतानाच व्याकरण अंगी बाणते; १९८७च्या ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ या पुस्तकात त्यांनी ती मांडली. ती मान्य केली, तरी वाचताना-ऐकताना कानावर पडतो तो ‘डिपेंड ऑन’ हा अखंड जोडच. म्हणून अव्ययांच्या सुट्या याद्यांपेक्षा प्रत्येक क्रियापद त्याच्या अव्ययासह, आणि अव्यय नको असल्यास कर्मासह, वाक्यातच शिकवणे अधिक सयुक्तिक ठरते.