अकरा माणसं आणि एक किंकाळी

परवा माझ्या नातवाने मला एका किल्ल्यात नेलं. म्हणजे घरातच, टीव्हीसमोर बसवून. तो हिंजवडीला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार व्हिडिओ गेम खेळतो. मी नेहमीचं पालुपद सुरू केलं, "अरे, एवढा वेळ वाचनात घातला असतास तर!" यावेळी तो म्हणाला, "आजी, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास ना? मग एकदा शेजारी बसून बघ आणि नंतर नावं ठेव." बसले. समोर काही आलं की ते तपासायचं आणि गुण द्यायचे, ही जुनी सवय. तर मंडळी, हे त्या गेमचं परीक्षण. तो तपासता तपासता माझीच एक जुनी चूक सापडली, तिचीही ही गोष्ट.

गेमचं नाव 'रेसिडेंट इव्हिल व्हिलेज'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो २०२१ साली आणला. या मालिकेचा पहिला गेम १९९६चा, म्हणजे माझ्या नातवाहून मोठा! गोष्ट थोडक्यात अशी. ईथन नावाच्या माणसाची तान्ही मुलगी रोझ हिरावली जाते. तिला शोधत तो पूर्व युरोपातल्या एका बर्फाळ गावात पोचतो. गावाच्या डोक्यावर किल्ला. किल्ल्याची मालकीण लेडी दिमित्रेस्कू, नऊ फुटांहून उंच, दारातून यायचं तर वाकून येते. तिच्या तळघरात मद्य बनतं, आणि ते कशाचं बनतं हे मी जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी सांगत नाही.

आधी दोष सांगते. रक्त फार. ईथनचा हात तुटतो आणि हा गृहस्थ त्यावर औषध ओतून तो परत जोडतो. आमच्या शाळेत जीवशास्त्राच्या बाई होत्या, त्यांनी हे पाहिलं असतं तर खडूच फेकून मारला असता. शेवटीशेवटी एक कारखाना येतो, तिथे नुसती गोळीबाराची धामधूम. मी चहा टाकायला उठले आणि परत आले तरी तेच चालू होतं.

आता गुण. बेनेव्हिएंतो नावाच्या घराचा जो भाग आहे, तिथे ईथनच्या हातात एकही शस्त्र राहत नाही. बाहुल्या, अंधारी तळमजल्याची वाट आणि कुठूनतरी येणारा बाळाचा आवाज. तिथे मी खरी घाबरले. नारायण धारपांच्या कथा मी रात्री दिवा चालू ठेवून वाचत असे, त्याची आठवण झाली. भीती रक्ताने येत नाही, ती वाट पाहण्याने येते, हे धारपांना पक्कं ठाऊक होतं. या गेमवाल्यांनाही तेवढ्या एका घरात ते उमगलं आहे. शंभरापैकी पासष्ट गुण. लहान नातवंडांना मात्र दाखवू नका, हा गेम मोठ्यांसाठीच आहे.

खेळून झाल्यावर नातू म्हणाला, "याला गॉथिक हॉरर म्हणतात." आता गॉथ ही युरोपातली एक जुनी जमात. इटलीतल्या पंडितांना मध्ययुगीन इमारती रानटी वाटल्या, म्हणून त्यांनी त्या बांधणीला हे नाव शिवीसारखं चिकटवलं. पुढे इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोल नावाच्या हौशी गृहस्थाने स्वतःसाठी तसंच जुन्या वळणाचं घर बांधलं आणि १७६४च्या डिसेंबरात 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी छापली. दुसऱ्या आवृत्तीवर त्याने 'गॉथिक कथा' असं लिहिलं, आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला असं मानतात. त्या कादंबरीत आहे काय? किल्ला, भुयार, आकाशातून पडलेलं प्रचंड शिरस्त्राण, आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट. दुसऱ्याची गादी बळकावलेलं घराणं आणि त्या पापाची फेड.

१७६४! इतिहासाच्या मास्तरणीला सन ऐकला की शेजारचे सन आपोआप आठवतात. पानिपत १७६१. नारायणरावांचा खून १७७३. तिकडे लंडनमध्ये लोक गादीच्या लोभाची भयकथा दिवाणखान्यात बसून चवीने वाचत होते, आणि नऊ वर्षांत ती आमच्या पुण्यात खरोखर घडली. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर.

नातवाने विचारलं, "मग शनिवारवाड्याची गोष्ट सांग. पौर्णिमेला किंकाळी ऐकू येते तीच ना?"

आणि इथे मी अडले.

कारण ती किंकाळी मीच कितीतरी मुलांना ऐकवली आहे. दरवर्षी सातवीची सहल वाड्यावर जायची. दिल्ली दरवाजा, कारंजं, सगळं दाखवून झालं की मुलं कंटाळायची. मग मी त्यांना नारायण दरवाजापाशी न्यायची, आवाज खाली आणायची आणि म्हणायची, "काका, मला वाचवा!" मुलं चिडीचूप. एका वर्षी एका मुलीला तीन रात्री झोप लागली नाही, तिची आई शाळेत भेटायला आली. मी वरवर दिलगिरी दाखवली, मनातून खूश होते. वाटलं, इतिहास पोचला.

त्या रात्री कपाटातली जुनी पुस्तकं काढली. नारायणराव अठरा वर्षांचे होते, नोव्हेंबर १७७२मध्ये थोरले माधवराव थेऊरला गेल्यावर गादीवर आलेले. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, दुपारची वेळ. थकलेल्या पगाराचं निमित्त करून सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांकडे, राघोबादादांकडे गेले. तुळाजी पवाराने त्यांना ओढलं. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक, हातात शस्त्र नाही, मध्ये पडला आणि धन्याबरोबर कापला गेला. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. रियासतकार सरदेसायांनी मृतांची संख्या दिली आहे: अकरा. सात ब्राह्मण, त्यात स्वतः पेशवे, दोन मराठा सेवक आणि दोन दासी.

अकरा. हे मी पूर्वीही वाचलं होतं, पुस्तकात पेन्सिलीची खूण माझीच आहे. तरी सहलीत मी एकाच माणसाला मारत आले. दोन दासी त्या दुपारी काहीतरी काम करत असतील. त्या ओरडल्या नसतील का? त्यांची किंकाळी कुठल्याच पौर्णिमेला कुणाला ऐकू येत नाही. आणि चाफाजी? एवढी थोर गोष्ट त्या वाड्यात घडली, निःशस्त्र माणूस तलवारीसमोर आडवा झाला, आणि मी ती मुलांना सांगितली नाही. का? तर त्याने अंगावर काटा येत नव्हता.

दुसरी चूक याहून मोठी. मी शिकवायची की राघोबादादांनी चिठ्ठीत 'धरावे' लिहिलं आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला. ही आख्यायिका इतकी रुजली की भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. पण तिने काय होतं पाहा. सगळं पाप एका अक्षरावर आणि एका बाईवर जातं, आणि काका अर्धे सुटतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा दोष दिला तो राघोबादादांना, ते स्वतः गादीवर बसलेले असताना. दासींची नावं विसरणारी आणि आनंदीबाईंचं नाव न विसरणारी आपली आठवण मला त्या रात्री फार बरी वाटली नाही.

पुढचं तर कुठल्याही भयकथेहून जड आहे. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. एप्रिल १७७४मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि बारभाईंनी चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवा केलं. राघोबादादा इंग्रजांकडे गेले, १७७५च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देऊ केली, आणि इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. ते बाळ एकविसाव्या वर्षी, १७९५ साली, त्याच वाड्यात वरून पडून गेलं. एका दुपारचं पाप एवढं लांब पोचलं. ओट्रँटोचं शिरस्त्राण याच्यापुढे खेळणं वाटावं.

गेमचा शेवट थोडा उघड करते, खेळायचा असेल त्याने हा परिच्छेद सोडावा. सगळ्या दुष्टाव्यामागे मदर मिरांडा नावाची बाई निघते. तिची मुलगी एव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली, तिला परत आणायला ती अख्ख्या गावाचा बळी देते. नातू म्हणाला, "आजी, ही मुख्य खलनायिका." मला मात्र गोपिकाबाई आठवल्या. विश्वासराव पानिपतावर, माधवराव क्षयाने, नारायणराव तलवारीने. बारा वर्षांत तीन कर्ते मुलगे. नाशिकजवळ गंगापूरला राहिलेल्या त्या बाईंना मी वर्गात 'कडक स्वभावाच्या' या दोन शब्दांत संपवलं होतं.

असो. मागच्या रविवारी नातवाला घेऊन शनिवारवाड्यावर गेले. गुडघे कुरकुरत होते, पण गेले. १८२८च्या आगीनंतर उरलेली जोती, हिरवळ, फोटो काढणारी मुलं. नारायण दरवाजापाशी एक तरुण आपल्या मैत्रिणीला नेमकी तीच गोष्ट तोच आवाज काढून सांगत होता. कोण जाणे, माझाच विद्यार्थी असायचा! मी नातवाला शांतपणे अकरा माणसांची गोष्ट सांगितली, चाफाजीपासून सुरुवात करून. किंकाळी काढली नाही. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "याचा गेम केला तर चाफाजीच्या बाजूने खेळायला हवा. म्हणजे हरणार हे माहीत असूनही."

पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्स नावाची कंपनी आहे. तिने २०२०मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. त्यात एक बहीण राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधते. तेव्हा अशक्य काही नाही. कुणी केला तर मी शेजारी बसून बघेन, आणि पासष्टहून जास्त गुण देईन.

माझ्या सहलीला आलेलं कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, तेव्हाची गोष्ट अपुरी होती. ती आज पुरी केली.