फियाटची मुंबई: देशी आणि विलायती मोटारींचा ताळेबंद

मोटारीची किंमत आणि मोटारीचे मोल या दोन गोष्टी मुंबईत दीर्घकाळ वेगवेगळ्या राहिल्या. किंमत सरकारी आदेशाने ठरत असे, आयात कराने वाढत असे किंवा काळ्या बाजारात फुगत असे. मोल मात्र बंद पडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर यायला किती वेळ आणि किती पैसा लागतो यावर ठरे. गिरगाव ते दादर आणि परळ, लालबाग, शिवडी या पट्ट्याचा विसाव्या शतकातील मोटार-इतिहास पाहिला, तर देशी गाडी चांगली की विलायती, या वादाचा निकाल येथे कारखान्यापेक्षा गल्लीतल्या गॅरेजने अधिक दिला, असे म्हणावे लागते. हा वाद मुख्यतः ज्या गाडीभोवती फिरला ती मध्यम आकाराची सेदान होती, म्हणजे पुढे इंजिन, मध्ये चार-पाच माणसांची बैठक आणि मागे सामानासाठी स्वतंत्र डिकी अशी तीन खणांची, सामान्य कुटुंबाला किंवा टॅक्सीवाल्याला झेपेल अशा बेताची मोटार.

मुंबईत मोटार बनू लागली तीच मुळी विलायती म्हणून. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि तेथून शेवरोले गाड्या बाहेर पडू लागल्या. जुळणी याचा अर्थ असा, की गाडीचे सर्व भाग सुटे करून पेट्यांतून बोटीने आणायचे आणि येथे फक्त ते एकमेकांना जोडायचे. सुट्या मालावरची जकात तयार गाडीपेक्षा कमी असे आणि जहाजात जागाही कमी लागे, हे त्यामागचे साधे गणित होते. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या परळच्या शेजारी हे काम चाले, पण त्या गाड्या विकत घेणारा वर्ग मलबार हिल आणि फोर्टकडचा होता. गिरणगावाच्या वाट्याला आली ती जुळणी, रंगकाम आणि दुरुस्ती यांची कसबे, आणि पुढे तीच अधिक टिकाऊ ठरली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली आणि १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या, म्हणजे देशी उद्योगांना कितपत संरक्षण द्यावे हे ठरवणाऱ्या आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने असे धोरण स्वीकारले, की ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने गाडीचे भाग येथेच बनवण्याची योजना मांडतील त्यांनाच हा धंदा करता येईल. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनी गाशा गुंडाळला. मैदानात उरलेल्यांत मुंबईची कंपनी होती प्रीमियर ऑटोमोबाइल्स. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती १९४४ मध्ये स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्यांची जुळणी सुरू केली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी कंपनीने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. प्रथम छोटी फियाट ५०० आली आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. पुढे फुगीर नाक असलेल्या या पहिल्या ११०० ला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तिला त्याच नावाने ओळखतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या गाडीला पुढे सारा देश स्वदेशी म्हणू लागला तिचा आराखडा इटलीचा होता, तर तिची प्रतिस्पर्धी अँबॅसिडर ही ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डची आवृत्ती होती, जी बंगालमधील उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९५७-५८ पासून बनवली. देशीपणा आराखड्यात नव्हता, तो सुट्या भागांत होता, आणि तो हळूहळू आला. आयात परवान्यांची टंचाई, परकीय चलनाची चणचण आणि सरकारचा दट्ट्या यांमुळे पिस्टनपासून दिव्यांच्या काचांपर्यंत एकेक भाग देशात बनू लागला. १९६४ मध्ये बाजारात आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ अशा तऱ्हेने जवळजवळ पूर्णपणे देशी झाली. फियाटबरोबरचा करार संपल्यावर तिचे नाव आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे झाले. कागदोपत्री पद्मिनी झालेली ही गाडी मुंबईकरांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत फियाटच राहिली.

फियाट आणि अँबॅसिडर यांची तुलना देशभर होत असे, आणि दिल्ली-कलकत्त्याने अँबॅसिडरला तर मुंबईने फियाटला कौल दिला. यामागे कुर्ल्याचा अभिमान थोडा असेल, हिशेब अधिक होता. अँबॅसिडरचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, तर फियाटचे १०८९ घनसेंटिमीटरचे. घनसेंटिमीटर हे इंजिनाच्या नळकांड्यांतील पोकळीचे माप असून ते जितके मोठे तितके इंधन साधारणपणे अधिक लागते. अँबॅसिडर अंगानेही जड होती. खेड्यातील खडबडीत रस्त्यावर, पुढाऱ्याला आणि त्याच्या लवाजम्याला घेऊन जायला ती उत्तम, पण ठाकूरद्वारच्या किंवा भुलेश्वरच्या बोळात वळवायला, चाळीच्या तोंडाशी उभी करायला आणि दिवसभर सिग्नलला थांबत-चालत धंदा करायला फियाट सोयीची पडे. तिचा गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असे, ज्याला टॅक्सीवाले ‘हँडल गियर’ म्हणत, त्यामुळे पुढची बैठक सलग ठेवता येई. भाड्याचे मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला, समोरच्या काचेजवळ बसवलेले असे आणि त्याचा झेंडा खाली पाडला की भाडे सुरू होई. कारखाना त्याच शहरात असल्याने सुटे भाग लवकर मिळत, आणि टॅक्सीच्या धंद्यात एक दिवस उभी राहिलेली गाडी म्हणजे एक दिवसाची बुडालेली कमाई असल्याने ही सोय निर्णायक होती.

याचा अर्थ फियाट निर्दोष होती, असा मुळीच नव्हे. स्पर्धा नसल्याने देशी मोटारींचा दर्जा घसरत गेल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारला मोटारींच्या गुणवत्तेची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी लागली. वाटप आणि विक्री १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रणाखाली होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि परिणामी नुकतीच हाती आलेली गाडी कारखान्याच्या भावापेक्षा जास्त किमतीला विकली जाई. सरकारने १९६९ मध्ये मोटारींच्या किमती ठरवून दिल्या, तेव्हा उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि प्रीमियरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल १९७१ मध्ये लागला. वाजवी किंमत कोणती, हा प्रश्न न्यायालयापर्यंत जातो आणि गाडी टिकाऊ का नाही, या प्रश्नाला मात्र गिऱ्हाइकाने गॅरेजात उत्तर शोधायचे, ही त्या काळाची विसंगती अभ्यासकांनी पुरेशी अधोरेखित केलेली नाही.

गॅरेजात उत्तर मिळत असे, हेही तितकेच खरे. गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाऊसच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने उभी राहिली होती, आणि तेथे एकाच भागाचे दोन-तीन भाव असत: ‘कंपनीचा’ माल महाग, ‘लोकल’ माल स्वस्त, आणि चोर बाजारातून आलेला जुना माल सर्वांत स्वस्त, पण नशिबाचा. फियाटचे दुखणे मिस्त्रींना पाठ होते. उदाहरणार्थ, उन्हाळ्यात गर्दीत रेंगाळणाऱ्या गाडीचा पेट्रोल पंप, जो इंजिनाच्या अंगालाच लागून असे, इतका तापे की आतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे आणि गाडी बंद पडे. यावर उपाय म्हणून चालक पंपावर ओले फडके गुंडाळत आणि दहा मिनिटांत निघत. पावसाळ्यात परळला हिंदमाताजवळ पाणी तुंबले, की डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने वीज वाटून देणारा भाग, भिजून इंजिन मुके होई. टोपण काढून आतून कोरडे पुसले, पॉइंट घासले, चार जणांनी धक्का दिला, की काम भागे. गाडी वारंवार बिघडे, पण बिघाड स्वस्त, ओळखीचा आणि रस्त्याच्या कडेला निस्तरण्याजोगा असे. विश्वासार्हतेचा हा अर्थ कोणत्याही कारखान्याच्या जाहिरातीत आढळणार नाही, तरी साठ ते नव्वदच्या दशकांत मुंबईने तो प्रमाण मानला.

खऱ्या अर्थाने आयात केलेल्या गाडीला हीच कसोटी जड गेली. बंदीच्या काळातही विलायती सेदान शहरात येत होत्या: वकिलातींच्या वापरातून निघालेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी व्यापार मंडळामार्फत विकल्या जात, तर परदेशातून कायमचे परतणारे काही जण जबर जकात भरून आपली गाडी बरोबर आणत. जपानी किंवा जर्मन गाडीचे यंत्र फियाटपेक्षा कितीतरी सरस होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न पहिल्या मोठ्या बिघाडाला येई. भाग येथे मिळत नसे, मागवला तर महिने जात आणि जकात पडे, म्हणून अनेकदा दुसऱ्याच गाडीचा भाग घासून-कापून बसवावा लागे आणि गाडीचे मूळ गुण तेथेच संपत. अशा गाडीला मान होता, चित्रपटसृष्टीत आणि श्रीमंतांच्या लग्नांत तिला जागा होती. परंतु दादर हिंदू कॉलनीतला डॉक्टर रात्री रुग्ण पाहायला जाताना फियाटच काढे, कारण ती बंद पडली तर काय करायचे हे त्याला ठाऊक असे.

ऐंशीच्या दशकात दोन्ही बाजूंचे गुण एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातून काही विचित्र मिश्रणे जन्मली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये ब्रिटिश रोव्हरच्या देखण्या सांगाड्यात आपले जुनाट इंजिन घालून ‘स्टँडर्ड २०००’ काढली. ती महाग होती आणि काही वर्षांतच बंद पडली. प्रीमियरने त्याच सुमारास याच्या उलट मार्ग धरला आणि जुन्या फियाट १२४ च्या धर्तीच्या सांगाड्यात जपानी निस्सानचे इंजिन बसवून ‘११८ एनई’ बाजारात आणली. सांगाडा जुना पण इंजिन भरवशाचे, ही दुसरी तडजोड पहिलीपेक्षा शहाणपणाची होती.

कुर्ल्याचा कारखाना आणि गिरणगाव यांचा संबंध केवळ गाड्यांपुरता नव्हता. प्रीमियरच्या कामगारांचे नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे होते, आणि अशा अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढीमुळेच लालबाग-परळचे गिरणी कामगार त्यांच्याकडे वळले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाची पार्श्वभूमी त्यात आहे. ज्या चाळींतून मोटार विकत घेण्याची ऐपत क्वचितच कोणाला होती, त्या चाळींचे भवितव्य एका मोटार कारखान्यातील करारांशी असे जोडले गेले होते. त्या घरांना फियाट भेटे ती टॅक्सी म्हणून: बाळंतिणीला रुग्णालयात नेताना, किंवा गणेश चतुर्थीला लालबागच्या कारखान्यातून मूर्ती मांडीवर घेऊन घरी आणताना.

१९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवान्याची सक्ती रद्द झाली आणि पाच-सहा वर्षांत सिएलो, एस्कॉर्ट, ॲस्ट्रा, होंडा सिटी, लान्सर, ॲक्सेंट अशा मध्यम सेदान रस्त्यावर आल्या. त्या भारतातच जुळवल्या किंवा बनवल्या जात, पण त्यांची घडण ताज्या परदेशी आराखड्यांची होती. प्रीमियरनेही फ्रेंच प्यूजोशी करार करून कल्याणला ‘३०९’ ही गाडी बनवली; कामगार तंटे आणि कंपन्यांतील बेबनाव यांत ती लवकरच संपली आणि तिच्या मालकांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागली. जुनी कसोटी शेवटची लागू पडली ती बहुधा याच गाडीला. होंडा किंवा ह्युंदाईच्या बाबतीत ती गैरलागू झाली, कारण संगणकाने नियंत्रित होणारे इंधन-पुरवठ्याचे तंत्र असलेली ही इंजिने मुळात क्वचितच बिघडत आणि बिघडली तर कंपनीच्या केंद्रातच न्यावी लागत. कार्बोरेटर उघडून कानाने इंजिन ‘सेट’ करणाऱ्या मिस्त्रीचे महत्त्व तेथे संपले. तोपर्यंत फियाटने मुंबईला दिलेली सेवा यथायोग्य होती. त्यानंतरही तिला विश्वासार्ह म्हणणे हा निव्वळ जिव्हाळा ठरेल.

टॅक्सीच्या धंद्यात ती तरीही दोन दशके अधिक टिकली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. प्रदूषणाविरुद्धच्या न्यायालयीन आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर, म्हणजे दाबाखाली साठवलेल्या नैसर्गिक वायूवर आल्या, आणि डिकीत टाकी बसल्याने प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर चढल्या. राज्य सरकारने टॅक्सीचे आयुष्य आधी २५ आणि पुढे २० वर्षांवर आणले. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी या नियमाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. तिच्या जागी आलेल्या काळ्या-पिवळ्या गाड्यांत सँट्रो आणि वॅगन-आर यांचा भरणा मोठा राहिला. दोन्ही भारतात बनलेल्या, दोन्हींमागे परदेशी कंपन्यांचे तंत्र, आणि दोन्हींपैकी एकही सेदान नाही.