पंपाला ऊन लागलं

परवा नातवाच्या गाडीला मेकॅनिकने मीटर जोडलं, आकडा पाहिला आणि पेट्रोलचा दाब ठीक आहे म्हणाला. दोन मिनिटांत निकाल! मला १९७८ च्या मे महिन्यातली काकांची फियाट आठवली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, पुढे जिचं नाव ‘पद्मिनी’ झालं तीच.

आम्ही लग्नाला निघालो होतो आणि भर दुपारी अड्याळच्या अलीकडे गाडी बंद पडली. आदल्याच आठवड्यात याच दुखण्यासाठी एका मेकॅनिकने पंप बदलला होता. ड्रायव्हरने विहिरीचं पाणी आणून पंपावर ओलं फडकं टाकलं. गाडी निवल्यावर कार्ब्युरेटरची नळी सोडून बाटलीत धरली, मला सेल्फ मारायला लावला. धार जोरात आली. “गुरुजी, पंप चांगला हाय. त्याले ऊन लागलं.”

त्याचं निदान अचूक होतं. तो पंप इंजिनालाच चिकटलेला, टाकीतून पेट्रोल ओढणारा. ओढताना नळीत दाब कमी होतो आणि कमी दाबाला द्रव लवकर उकळतो (हे मी वर्गात शिकवत होतो, पण रस्त्यावर सुचलं नाही!). पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफच दाबत बसतो.

२००० साली धुराचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडला. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. दाब साधारण तीन बार, म्हणजे जुन्याच्या दहापट तरी. त्यामुळे वाफ होणं दुर्मिळ.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. काकांचा तो काढलेला, धडधाकट पंप अजून आमच्या माळ्यावर आहे.