पोढी, शिलालेख आणि आमच्या ऑफिसचं वीजबिल

गेल्या शनिवारी जुन्नरला गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं, पण मानमोडीच्या लेण्यांत शिरलो आणि जिवाला थंड वाटलं. पंखा नाही, एसी नाही. डोक्यावर अख्खा डोंगर आहे, दिवसभराचं ऊन तोच सोसतो. सोमवारी ऑफिसात आलो. बाहेर तसंच ऊन, चारी बाजूंनी काच आणि मी स्वेटर घालून बसलेलो!

मानमोडीवर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. वर्ष ४६, दान काय, तर एक पोढी (म्हणजे पाण्याचं टाकं) आणि मंडप. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिल्याची नोंद आहे. कोणी दिलं, काय दिलं, संपलं. खोल्या मोजून घ्या.

आमच्या ऑफिसच्या लॉबीतही एक हिरवी पाटी आहे. ती मिळाली नकाशे बघून. इमारत प्रत्यक्षात वीज किती खाते, हे त्या पाटीवर कुठेच नाही.

तसं बघितलं तर आपल्याकडे याची सोय आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता आली. ती बांधतानाचे नियम सांगते. आणि २००९ मध्ये फ्रिजसारखेच ऑफिस इमारतींनाही तारे देणं सुरू झालं. हिशोब सरळ आहे: वर्षभराची युनिट्स भागिले चौरस मीटर. १०,००० चौरस मीटरच्या इमारतीने वर्षाला २० लाख युनिट्स वापरली, तर आकडा २००. तारे ठरतात ते हवामान आणि एसीखालची जागा बघून. इथे नकाशे नाहीत, बिलं बोलतात.

मग सगळेच तारे का घेत नाहीत? कारण ही योजना ऐच्छिक आहे. आणि खरी मेख पुढे आहे: काच लावतो मालक, बिल भरतो भाडेकरू. मालकाला कसली घाई? ब्रिटनने ही मेख ओळखली. इंग्लंड-वेल्समध्ये एफ किंवा जी दर्जाची व्यापारी जागा नव्याने भाड्याने द्यायला एप्रिल २०१८ पासून बंदी आहे, आणि एप्रिल २०२३ पासून चालू भाडेकरारांनाही तोच नियम लागू झाला. अपवाद आहेत, पण सर्टिफिकेट खराब तर भाडं बंद, म्हटल्यावर मालक हलतोच. अर्थात तिथला दर्जाही इमारतीच्या गणितावरून ठरतो, बिलावरून नव्हे. त्या बाबतीत आपले तारे जास्त प्रामाणिक!

आमची टीम पुढच्या वर्षी नवीन जागेत जाणार आहे आणि जागा बघायच्या कमिटीत माझंही नाव आहे. लॉबी, पार्किंग, कॅन्टीन हे सगळं बघूच. पण सही करण्याआधी मालकाला एकच आकडा विचारायचा ठरवलंय: चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट्स?

अयमने पोढी दिली म्हणून लिहिलं, आणि ते लिहिलेलं आजही वाचता येतं. आपल्या मालकांनी निदान गेल्या वर्षाचं बिल तरी दाखवावं. असो.