चेन्नईचा 2004 चा निकाल आणि पीडितेची भरपाई

फेब्रुवारी 2004. चेन्नईतील एका घटस्फोटित स्त्रीला अनोळखी पुरुषांचे दूरध्वनी येऊ लागले. याहूच्या एका संदेशगटावर कोणीतरी तिच्याविषयी अश्लील मजकूर टाकला होता. तिच्या नावाचे खोटे ईमेल खातेही उघडलेले होते. तिने तक्रार केली. माग काढत पोलीस मुंबईत पोहोचले आणि आरोपी तेथे सापडला. तो परका नव्हता. कुटुंबाच्या परिचयातला, तिच्याशी विवाह करू इच्छिणारा आणि नकार मिळालेला इसम होता.

24 मार्चला आरोपपत्र दाखल झाले. हे संदेश तक्रारदार स्त्रीने स्वतःच किंवा तिच्या पूर्वपतीने पाठवले असावेत, असा बचाव मांडला गेला. (अशा खटल्यांत हा बचाव पुढेही वारंवार ऐकू येतो.) न्यायालयाने सायबर कॅफेचालकांची व तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य मानली आणि 5 नोव्हेंबर 2004 रोजी शिक्षा सुनावली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 खाली देशात झालेली ही पहिली शिक्षा मानली जाते. दोन वर्षांचा सश्रम कारावास, आणि तिन्ही कलमांखालील दंड मिळून 5,000 रुपये.

तपासाचा वेग आजही हेवा वाटावा असा होता. पण कलम 67 नेमके कशाला शिक्षा देते? अश्लीलतेला. मजकूर वाचणाऱ्याचे मन बिघडेल का, एवढाच त्याचा प्रश्न. ज्या स्त्रीची ओळख चोरली गेली, तिच्या माहितीवर तिचा अधिकार आहे, ही कल्पना 2000 च्या त्या कायद्यात जवळजवळ नव्हतीच. तो मुख्यतः इलेक्ट्रॉनिक व्यापारासाठी रचलेला होता.

2008 च्या दुरुस्तीने ही उणीव काही अंशी भरली. कलम 66-ई ने खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे वा पसरवणे हा गुन्हा ठरवला. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली, तर कलम 43-ए खाली नुकसानग्रस्ताला भरपाई मिळू लागली. त्याच दुरुस्तीतले 66-ए मात्र भलतीकडेच वळले. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले.

24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यापाठोपाठ आलेल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा मोठा आहे, परंतु ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही पडत नाही. शिवाय भरपाईचे कलम 43-ए वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट, खोटी वा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकाला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

चेन्नईच्या प्रकरणासारख्या छळाला तर हा कायदा फारसा स्पर्शच करत नाही. व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. नाकारलेल्या प्रियकराचे कृत्य या सवलतीत बसते की नाही, हे न्यायालयांना ठरवावे लागेल. तोवर पीडितेला फौजदारी कलमांकडेच वळावे लागते, आणि त्यांत कलम 67 अजूनही आहे.